शुक्रवारच्या लाँग रनवरून रविवारचा अंदाज किती खरा?

वळणवाट

नमस्कार मंडळी,

फॉर्म्युला वनच्या शुक्रवारी दुसरं सराव सत्र संपलं की तासाभरात तक्ते फिरायला लागतात. अमुक संघाचा लाँग रन (शर्यतीसारखे सलग बरेच लॅप) सेकंदाच्या तीन दशांशाने वेगवान, तमुकचे टायर दहा लॅपमध्ये बसले, वगैरे. रविवारी बऱ्याचदा चित्र वेगळंच निघतं आणि सोमवारी सगळे तो तक्ता विसरलेले असतात.

फास्टएफ१ ही पायथन लायब्ररी आल्यापासून लॅप टाइम, टायरचा प्रकार, टायरचं वय, स्टिंट (एका टायर संचावरचे सलग लॅप) हे सगळं घरबसल्या मिळतं. मीही ते वापरतो. माझं मत थोडक्यात असं: शुक्रवारच्या आकड्यांवरून संघांच्या सरासरी वेगाची क्रमवारी लावणं सोडून द्यावं. टायर किती वेगाने उतरतो (दर लॅपला किती वेळ गमावतो), म्हणजे डेगचा (डिग्रेडेशनचा) उतार, तेवढाच त्यातून घ्यावा.

वेगाबद्दल साशंक असण्याचं कारण इंधन. १० किलो इंधनामागे लॅपला साधारण ०.३ सेकंद जातात, हा सर्वत्र वापरला जाणारा अंदाज आहे. सरावात कोणाच्या टाकीत किती इंधन आहे हे बाहेर कोणालाच कळत नाही. दोन संघांत २० किलोचा फरक असला तरी ०.६ सेकंद तिथेच गेले. मग तीन दशांशांच्या तक्त्याला काय अर्थ उरतो?

तुम्ही शुक्रवारी काय बघता? जाणकारांनी लिहावं, नवख्यांनी विचारावं.

पिटबोर्ड

पहिला! आता सावकाश वाचतो.

मध्यक

चांगला विषय. सरासरीबद्दल सहमत, पण उतारावरही इतका भरवसा ठेवू नका.

एका स्टिंटमध्ये लॅप क्रमांक आणि टायरचं वय एकाच पायरीने वाढतात. त्यामुळे गाडी हलकी झाल्याने मिळालेला वेळ आणि टायर उतरल्याने गेलेला वेळ त्या एका स्टिंटमधून वेगळे काढता येत नाहीत. आलेखात दिसतो तो दोघांचा बेरीज-वजाबाकी झालेला आकडा. २०२५ पर्यंतच्या नियमांत शर्यतीला जास्तीत जास्त ११० किलो इंधन होतं. हंगेरीच्या ७० लॅपना भागलं तर लॅपला दीड किलोच्या किंचित वर, म्हणजे फक्त वजन घटल्यामुळे दर लॅपला जवळजवळ ०.०५ सेकंद मिळतात. म्हणून तिथे २० लॅपचा स्टिंट अगदी सपाट दिसत असेल तर त्याचा अर्थ टायरने त्या काळात एक सेकंद गमावला आहे. सपाट रेषा बघून 'डेग शून्य' लिहिणारे खूप भेटतात, त्यांना हे आवर्जून सांगावं.

शर्यतीच्या डेटात हा गुंता सुटतो. ३० व्या लॅपला एकाचा टायर ३० लॅप जुना असतो, दुसऱ्याचा ५ लॅपचा, आणि इंधन मात्र दोघांकडे जवळपास सारखं. सगळ्या गाड्यांचे लॅप एकत्र घेऊन रेग्रेशन (प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा काढणारं संख्याशास्त्रीय गणित) लावलं की इंधन आणि टायर वेगळे होतात. सरावात ही सोय नाही.

सुमेधा

मध्यक, +१. त्यात एक भर घालते: ड्रायव्हर. लाँग रनमध्ये बहुतेक जण ठरवून दिलेल्या लॅप टाइमवर गाडी चालवतात. अभियंता रेडिओवर आकडा देतो आणि ड्रायव्हर तो पाळतो. आलेखात टायर दिसतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात दिसते ती ड्रायव्हरची शिस्त.

हे ओळखायला मी वेगवान वळणांतला किमान वेग बघते. लॅप टाइम तोच असताना वेगवान वळणांतला वेग प्रत्येक लॅपला थोडा थोडा वाढत असेल, तर ड्रायव्हर सुरुवातीला हात राखून होता आणि टायर उतरत गेला तशी राखीव पकड वापरत गेला. लॅप टाइम आणि वळणातला वेग दोन्ही एकदम घसरायला लागले की समजावं, राखीव संपलं.

चौथा_गिअर

सुमेधाताई, हे टेलिमेट्रीवरून (गाडीतून येणारा वेग, ब्रेक वगैरेंचा डेटा) खरंच दिसतं का? मी प्रयत्न केला तेव्हा रेषा एकमेकींवर चढून नुसता गोंधळ झाला.

सुमेधा

दिसतं, पण मर्यादा सांभाळून. सार्वजनिक टेलिमेट्रीचे नमुने सेकंदाला चारच्या आसपास येतात. ताशी ३०० किमी वेगाने गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते, म्हणजे दोन नमुन्यांत जवळपास २० मीटरचं अंतर. 'याने त्याच्यापेक्षा पाच मीटर उशिरा ब्रेक दाबला' असं कोणी या डेटावरून लिहिलं तर ते वाचायचं आणि सोडून द्यायचं. ब्रेकचा डेटाही फक्त चालू किंवा बंद एवढाच असतो, दाब किती ते नाही.

म्हणून एका लॅपची दुसऱ्या लॅपशी तुलना करू नकोस. एकाच वळणावरचे पाच-सहा लॅप एकत्र घेऊन मध्यक काढ (इथले सदस्य मध्यक नव्हेत, ते आयते मिळालेत). लांब, वेगवान वळण निवड. सिल्व्हरस्टोनचं कॉप्स किंवा सुझुकाचं १३०आर यात नमुने पुरेसे पडतात. हेअरपिनवर हा खेळ जमत नाही.

मध्यक

मी सगळ्यांसाठी उपलब्ध आहे :)

डांबरी

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याला विरोध आहे. उतार घ्यावा म्हणता, पण गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठी फसगत उतारानेच केली. तीन शर्यती आठवा.

मॉन्झा २०२४. ट्रॅकवर नवं डांबर, शुक्रवारी सगळीकडे ग्रेनिंग, सगळे म्हणाले टायर बदलायला पिटमध्ये दोन थांबे. रविवारी लेक्लेर १५ व्या लॅपला थांबला आणि उरलेले ३८ लॅप एकाच हार्ड (सगळ्यात कडक) टायरवर काढून जिंकला. पियास्त्री दुसरा थांबा घेऊन मागे लागला होता, अंतर उरलं २.६६४ सेकंद.

स्पा २०२४. रसेल १० व्या लॅपला थांबला आणि ४४ व्या लॅपपर्यंत गेला. हॅमिल्टनच्या अर्धा सेकंद पुढे राहून त्याने शर्यत संपवली. नंतर गाडी ७९८ किलोच्या किमान वजनापेक्षा दीड किलो कमी भरली म्हणून त्याला बाद केलं आणि विजय हॅमिल्टनकडे गेला. वजनाचा विषय वेगळा. टायर मात्र टिकला.

शांघाय २०२५. पुन्हा नवं डांबर. शनिवारच्या स्प्रिंटमध्ये (छोट्या शर्यतीत) मीडियमच्या पुढच्या डाव्या टायरचे हाल झाले, सगळ्यांनी दोन थांबे गृहीत धरले. रविवारी हार्डवर बहुतेकांनी एकाच थांब्यात काम भागवलं.

तिन्ही ठिकाणी आधीच्या दिवसांचा उतार घेऊन गणित मांडलेला माणूस चुकला असता.

वळणवाट

डांबरी, उदाहरणं बिनतोड आहेत. मग प्रश्न असा की तिन्हींचं कारण एक आहे का? मला तर तिन्हीत ट्रॅक एव्होल्यूशन (रबर बसत जाऊन ट्रॅकची पकड वाढणं) दिसतं. नव्या डांबरावर शुक्रवारी पकड कमी, गाडी घसरते, ग्रेनिंग होतं. रविवारपर्यंत इतर शर्यतींच्या गाड्यांसकट सगळ्यांनी रबर घातलेलं असतं.

डांबरी

मॉन्झाला हे लागू पडतं. स्पाला नाही, कारण तिथे शनिवारी पाऊस झाला. तिसरं सराव सत्र आणि पात्रता फेरी दोन्ही ओल्या ट्रॅकवर. शुक्रवारी पडलेलं रबर धुऊन गेलं, तरी रविवारी टायर टिकले.

निळा_झेंडा

ग्रेनिंग, ग्रेनिंग चाललंय. आमच्यासारख्यांसाठी कोणी दोन ओळीत सांगेल का? टायर झिजणं आणि हे एकच नव्हे ना?

तिसरा_सेक्टर

एकच नव्हे. थोडं लांबेल, पण हे नीट कळल्याशिवाय आलेख वाचण्यात अर्थ नाही.

झीज म्हणजे रबर कमी होणं. हल्लीच्या पिरेली टायरवर बहुतेक शर्यतींत रबर संपण्याआधीच वेग संपतो, कारण दुसराच काहीतरी त्रास होतो.

पहिला त्रास उष्णतेचा. रबराचं तापमान काम करण्याच्या पट्ट्याच्या वर गेलं की पकड जाते, गाडी घसरते, घसरल्याने आणखी तापते. बहरीनसारख्या खरखरीत आणि मागच्या चाकांवर जोर देणाऱ्या ट्रॅकवर हेच चालतं. एक-दोन लॅप सबुरीने चालवलं तर काही पकड परत येते.

दुसरा त्रास ग्रेनिंग. इथे रबराचा पृष्ठभाग पुरेसा तापलेला नसतो आणि टायर डांबरावर आडवा सरकतो. खोडरबर घासल्यावर वळलेले कण निघतात ना, तसे कण निघून टायरलाच चिकटतात. मग टायर डांबराला नीट भिडत नाही. यातला महत्त्वाचा भाग असा की हे कण पुढे झिजून जाऊ शकतात. ड्रायव्हरने धीर धरला तर टायर साफ होतो आणि लॅप टाइम पुन्हा सुधारतात.

तिसरा, ब्लिस्टरिंग: आतलं रबर जास्त तापून फोड येतात.

आता आलेखाकडे या. उष्णतेचा डेग साधारण सरळ चढत जातो. ग्रेनिंगचा आलेख आधी झपाट्याने चढतो, मग सपाट होतो, कधी खालीही येतो. शुक्रवारचा लाँग रन असतो आठ ते बारा लॅपचा, म्हणजे नेमका चढाचा भाग. त्यावर सरळ रेषा ओढून ती ३० लॅपपर्यंत लांबवली की टायर भंगारात निघाल्यासारखा दिसतो. मॉन्झाचा आणि शांघायचा घोटाळा माझ्या मते इथे आहे. उतार खरा होता, त्याला पुढे ओढणं चुकीचं होतं.

निळा_झेंडा

क्या बात है! वाचनखूण साठवली.

पिटबोर्ड

तिसरा सेक्टर नेहमीप्रमाणे सगळ्यात लांब.

मध्यक

तिसरा_सेक्टर यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात निवडीचा दोषही धरा. शर्यतीच्या डेटात आपल्याला टायरचा कडेलोट, ज्याला क्लिफ म्हणतात, फार क्वचित दिसतो, कारण संघ त्याआधीच गाडी आत बोलावतात. २५ व्या लॅपनंतर जे आकडे उरतात ते ज्यांचे टायर चांगले होते त्यांचेच. म्हणून जुन्या टायरचा डेग आलेखात आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. सरावात अंदाज वर जातो, शर्यतीत खाली येतो. दोन्हींच्या मधे कुठेतरी उत्तर असतं आणि ते प्रत्येक ट्रॅकला वेगळं.

सुमेधा

शांघायबद्दल अजून एक. तिथे हार्ड टायर रविवारपर्यंत जवळजवळ कोणी चालवलाच नव्हता. एकच सराव सत्र, आणि स्प्रिंट झाली मीडियमवर. नेहमीच्या आठवड्यातही १३ संचांत हार्डचे फक्त दोन असतात, मीडियमचे तीन आणि सॉफ्टचे आठ. हार्ड बरेच संघ शर्यतीसाठी राखून ठेवतात. म्हणजे रविवारी सगळ्यात जास्त लॅप ज्या टायरवर व्हायचे, त्याचाच डेटा शुक्रवारी सगळ्यात कमी! मीडियमचा उतार घेऊन हार्डचा अंदाज बांधणारे तक्ते मी बघतसुद्धा नाही.

चौथा_गिअर

मग मागच्या वर्षीच्या शर्यतीचा हार्डचा डेटा घेतला तर?

तिसरा_सेक्टर

घे, पण आधी कंपाउंड (रबराचं मिश्रण) तपास. त्यांना सी-क्रमांक असतात, सी१ सगळ्यात कडक, पुढचे मऊ होत जातात. पांढरा (हार्ड), पिवळा (मीडियम), लाल (सॉफ्ट) हे रंग त्या आठवड्यापुरते असतात. सी३ हा सुझुकाला सी१ ते सी३ ची निवड असते तेव्हा सॉफ्ट म्हणून येतो, तोच मोनॅकोला सी३ ते सी५ असताना हार्ड. पिरेलीने एक पायरी इकडे-तिकडे केली की मागच्या वर्षीचा 'हार्ड' हा या वर्षीचा 'हार्ड' राहत नाही. २०२५ ला स्पाला तर मधला सी२ वगळून सी१, सी३, सी४ दिले होते. फास्टएफ१ मध्ये फक्त हार्ड, मीडियम, सॉफ्ट एवढंच येतं, सी-क्रमांक आपणच लावून घ्यावे लागतात. माझ्याकडे त्यासाठी वेगळा तक्ता आहे आणि तो हंगामाच्या सुरुवातीपासून भरत गेलं तर काही कष्ट पडत नाहीत.

टायरचं वयही बघ. पात्रतेत वापरलेला संच शर्यतीत लावला की स्टिंटचा पहिला लॅप हा टायरचा चौथा-पाचवा असतो. नव्या टायरची नोंद वेगळ्या रकान्यात मिळते, ती गाळणीत घाल.

निळा_झेंडा

मी पायथन वगैरे काही करत नाही. टीव्हीवर शर्यत बघताना यातलं काय वापरता येईल?

डांबरी

बरंच काही. पहिल्या थांब्यानंतर लगेच, नुकताच थांबलेला ड्रायव्हर आणि अजून न थांबलेला ड्रायव्हर यांच्या लॅप टाइममधला फरक बघा. तो लॅपला दीड-दोन सेकंद असेल तर अंडरकट (आधी थांबून नव्या टायरच्या वेगाने पुढे जाणं) जोरात आहे आणि पुढच्या दोन-तीन लॅपमध्ये सगळे आत येणार. फरक अर्धा सेकंद असेल तर जो बाहेर आहे तो निवांत बसेल.

शिवाय पुढच्या गाडीपासूनचं अंतर. दोन सेकंदांच्या आत असलेल्या गाडीचा लॅप टाइम हा तिचा वेग मानूच नका, ती पुढच्याच्या गढूळ हवेत अडकलेली असते आणि टायर तापवत असते. मी डेटातूनही असे लॅप काढून टाकतो. बाहेर पडतानाचा, आत येतानाचा आणि सेफ्टी कारचा लॅप तर सगळेच काढतात, गर्दीतले लॅप काढायला लोक विसरतात.

वळणवाट

अंतरावरून हंगेरी २०१९ आठवली. हॅमिल्टन ४८ व्या लॅपला दुसऱ्यांदा थांबला. वर्स्टापेन २५ व्या लॅपपासून त्याच हार्डवर. २० सेकंदांची खाई आणि हाताशी वीसेक लॅप. त्या क्षणी तो निर्णय वेडेपणा वाटला होता, पण टायरच्या वयात २३ लॅपचा फरक होता. ६७ व्या लॅपला हॅमिल्टन पुढे गेला. त्या दोघांच्या लॅप टाइमचा आलेख शेजारी ठेवून बघा, वर्स्टापेनची रेषा शेवटच्या लॅपांत कशी वर जाते ते. क्लिफ क्वचितच दिसतो असं मध्यक म्हणाले, तो तिथे दिसतो, कारण वर्स्टापेनला थांबायची सोयच उरली नव्हती.

पिटबोर्ड

अवांतर: क्लिफ बघायचाच तर तुर्कस्तान २०२१. ओकॉनने सगळे ५८ लॅप इंटरमीडिएटच्या (ओलसर ट्रॅकसाठीच्या खाचांच्या टायरच्या) एकाच संचावर काढले आणि दहावा आला. शेवटी तो टायर इंटरमीडिएट म्हणून ओळखू येत नव्हता. माझ्यासाठी त्या हंगामातली सगळ्यात थरारक कामगिरी ती. एका गुणासाठी!

निळा_झेंडा

पिटबोर्ड +१. त्याच ट्रॅकवर आदल्या वर्षी हॅमिल्टनने इंटरमीडिएट गुळगुळीत होईपर्यंत चालवून सातवं विजेतेपद पक्कं केलं होतं. ओलसर ट्रॅक वाळत गेला की खाचा झिजलेला तो टायर सरस ठरतो, हे तेव्हा कळलं.

चौथा_गिअर

मूळ प्रश्नाकडे येऊ का? सगळं वाचून माझा गोंधळ वाढलाय. सरासरी नको, उतार फसवतो, हार्डचा डेटा नाही. मग शुक्रवारी बघायचं काय?

सुमेधा

मी जे बघते ते सांगते.

एक, दुसरं सराव सत्र शर्यतीच्या वेळेला जुळतं का. बहरीन, अबू धाबीला पहिलं आणि तिसरं सत्र उन्हात होतं आणि शर्यत संध्याकाळी. तिथे दुसऱ्या सत्राशिवाय बाकीचं लाँग रनसाठी धरत नाही.

मग एकाच संघाचे दोन ड्रायव्हर. संघ लाँग रनला दोन्ही गाड्यांत बऱ्याचदा सारखंच इंधन घालतो, इंजिनचा मोडही एकच ठेवतो. एकाने मीडियम, दुसऱ्याने हार्ड लावला असेल तर त्या दोघांतला फरक हा मला शुक्रवारचा सगळ्यात विश्वासार्ह आकडा वाटतो. कंपाउंडमधलं अंतर त्यातून कळतं आणि डावपेचांना तेच लागतं.

मग संघासंघांतला उताराचा फरक. उतार किती आहे हे रविवारी बदलेल, पण एकाच सत्रात, एकाच टायरवर एकाची गाडी दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने उतरत असेल, तर रविवारीही तीच जास्त उतरेल असं धरून चालायला हरकत नाही. धागाकर्त्याच्या 'उतार घ्यावा'मध्ये एवढीच दुरुस्ती: क्रम घ्यावा, आकडा घेऊ नये.

डांबरी

हे मान्य. माझा आक्षेप आकड्यालाच होता. आणि थांब्यांचा हिशेब आकड्यावरच चालतो हेही लक्षात घ्या. पिटमध्ये २० सेकंद जाणार असतील तर डेगमध्ये लॅपला अर्ध्या दशांशाची चूकसुद्धा एक थांबा की दोन हे उलटवते. म्हणून शुक्रवारी 'कोणाचे टायर जपले जातील' याचं उत्तर द्यावं, 'किती थांबे' याचं देऊ नये.

मध्यक

स्प्रिंटच्या आठवड्यात मात्र मी थोडा जास्त धीट होतो. स्प्रिंट १०० किमीची, थांबा सक्तीचा नाही, त्यामुळे सगळ्यांचं इंधन जवळपास सारखं. धागाकर्त्याचा इंधनाचा आक्षेप तिथे गळून पडतो आणि सरासरी वेगाची तुलनासुद्धा करता येते, फक्त मोकळ्या हवेत असलेल्या गाड्यांची. शांघायला स्प्रिंटने मीडियमबद्दल खरंच सांगितलं होतं. लोकांनी तेच हार्डला लावलं.

तिसरा_सेक्टर

सुमेधा यांच्या यादीत एक जोडतो: ट्रॅक पुढच्या चाकांना त्रास देणारा की मागच्या. सिल्व्हरस्टोन, बार्सिलोना पुढचा डावा खातात. बहरीन मागचे खातं. एका आठवड्यातला संघांचा क्रम पुढच्या आठवड्यात न्यायचा असेल तर आधी ट्रॅकचा प्रकार जुळवा. बहरीनला टायर जपणारी गाडी सिल्व्हरस्टोनला जपेलच असं नाही.

आणि २०२६ च्या गाड्यांना हे जुने गुणांक लावू नका. टायर अरुंद झाले, इंधन कमी झालं, डीआरएस (ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडायची सोय) गेलं. १० किलोला ०.३ सेकंद आणि लॅपला किती इंधन, दोन्ही नव्याने काढावं लागेल.

वळणवाट

सगळ्यांचे आभार. क्रम घ्यावा, आकडा घेऊ नये, हे पटलं. चौथा_गिअर, सुमेधा यांनी सांगितलेली एका संघातल्या दोन ड्रायव्हरांची तुलना आधी करून बघ, त्याला कोड फार लागत नाही. पुढच्या शुक्रवारी मी दुसऱ्या सत्राचा तक्ता इथेच टाकतो: कंपाउंड, टायरचं वय, पुढच्या गाडीपासूनचं अंतर हे रकाने घालून, सरासरीचा रकाना वगळून. डांबरी, तुम्ही रविवारी ताडून बघा.

चौथा_गिअर

नक्की करतो. सी-क्रमांकांचा तक्ता तिसरा_सेक्टर यांच्याकडून मिळेल का?

तिसरा_सेक्टर

व्यनि केला आहे.